फोर बाय फोर पेट्रोल पिते, पण नेमकं कुठे?

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातला शेतकरी. सातपुड्याच्या पायथ्याला आमची काळी जमीन आहे, निम्म्याहून जास्त केळी. पावसाळ्यात शेतरस्त्यावर ट्रॅक्टरशिवाय काही जात नाही, म्हणून २०२४ मध्ये मारुतीची जिम्नी घेतली, पेट्रोल, मॅन्युअल गिअरची. कंपनीचा आकडा लिटरला १६.९४ किलोमीटर. मला दहाच्या आसपास मिळतंय. गाडी घेतल्यावर लगेच २३५/७५ आर १५ चे जाड टायर टाकले, वर लोखंडी कॅरिअर, पुढे लोखंडी बंपर. घर ते शेत सहा किलोमीटर, ते रोजचं. आठवड्याला एक फेरी जळगाव किंवा धुळ्याची, हायवेला १०५-११० ची स्पीड असते. वर्षाला सगळं मिळून दहा हजार किलोमीटर होतात.

मे महिन्यात घरच्यांना घेऊन तोरणमाळला गेलो. घाटात चौथ्या गिअरमध्ये गाडी दम टाकत होती. माझी जुनी डिझेल जीप असा घाट आरामात चढायची. गॅरेजवाला म्हणतो की कायम फोर-एचमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देऊन चालवा, भार चार चाकांवर वाटला गेला की इंजिनाला सोपं जातं. महिनाभर तसंच चालवतोय, फरक नाही. मित्र म्हणतो इंजिनाचा जोर वाढवणारी चिप टाक, मेहुणा म्हणतो सीएनजी कर. वडील, म्हणजे आप्पा, म्हणतात, "हाई गाडी पेट्रोल पेत नई, पेट्रोलमा आंग धोस." (पीत नाही, पेट्रोलमध्ये अंग धुते.) पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमुळे असं होतंय का? की ही विकून डिझेलची फोर बाय फोर घेऊ?

उत्तर : भाऊ, बाकीचं नंतर. आधी तो लिव्हर फोर-एचमधून काढून टू-एचला, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांच्या जोरावर आणा. आजच. महिनाभर डांबरी रस्त्यावर तसं चालवलंय म्हणता, म्हणजे ॲव्हरेजपेक्षा मोठा खर्च तुम्ही अंगावर ओढवून घेताय.

तुमच्या गाडीची फोर बाय फोर ही 'पार्ट टाइम' पद्धतीची आहे. पुढचा आणि मागचा एक्सल यांच्यामध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरचा संच, नाही. फोर-एच टाकलं की दोन्ही एक्सल एकमेकांना पक्के जखडले जातात आणि दोघांना एकाच गतीने फिरावं लागतं. पण वळणावर पुढची चाकं मोठ्या वर्तुळात जातात, मागची लहान. म्हणजे पुढच्यांना जास्त अंतर कापायचं असतं. चिखलात, रेतीत, मुरमाच्या कच्च्या रस्त्यावर एखादं चाक थोडं घसरतं आणि हा फरक तिथल्या तिथे मिटतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग तो पीळ शाफ्टमध्ये, गिअरमध्ये, जॉइंटमध्ये साठत जातो. बाजारात गाडी वळवताना स्टिअरिंग जड लागलं असेल, गाडी अडखळल्यासारखी झाली असेल, लिव्हर परत टू-एचला आणताना अडकला असेल. तो हाच पीळ. लिव्हर अडकलाच तर सरळ रेषेत थोडी गाडी रिव्हर्स घ्या, सुटतो.

भार वाटला जातो हे खरं, पण तो चाकांवर वाटला जातो. इंजिनाला उलट जास्तीचं काम लागतं, कारण एरवी निवांत असलेला पुढचा डिफरन्शियल आणि शाफ्टसुद्धा त्यालाच फिरवावे लागतात. जिम्नीत टू-एचला पुढच्या चाकांना शाफ्टशी जोडणारे हब सुटतात आणि हे सगळं थांबतं. कंपनीने ती सोय मुद्दाम ठेवली आहे, तुम्ही ती महिनाभर बंद करून ठेवलीत. गॅरेज बदला असं म्हणत नाही, पण या विषयातला त्यांचा सल्ला यापुढे घेऊ नका.

आता तुमचा 'दहा' हा आकडा. तो खराच दहा आहे का?

कंपनीचा टायर १९५/८० आर १५. त्याचा व्यास काढला तर साधारण ६९३ मिलिमीटर येतो. तुमच्या २३५/७५ चा येतो ७३३. म्हणजे नवं चाक जवळजवळ ६ टक्के मोठं आहे. गाडीचा मीटर मात्र अजून जुन्याच चाकाच्या फेऱ्या मोजतोय. समजा मीटरवर ३५० किलोमीटर झाले आणि टाकीत ३४.६ लिटर बसलं, तर तुमचा हिशेब १०.१ येणार. गाडी प्रत्यक्षात ३७० किलोमीटर चालली आहे, म्हणजे खरा आकडा १०.७. सहा टक्के पेट्रोल तुम्ही नुसतं मोजणीत हरवलंय. याचीच दुसरी बाजू अशी की मीटरवर ११० दिसतं तेव्हा वेगही दिसतो त्याहून जास्त असतो. तुम्ही म्हणता ११०, रस्त्यावर तो ११५ च्या घरात असू शकतो. स्पीड कॅमेऱ्याला तुमचा टायर कुठला ते ठाऊक नसतं.

पण मोजणी दुरुस्त केली तरी त्या टायरचा खरा तोटा उरतोच. चाक मोठं केलं म्हणजे गाडीचे सगळेच गिअर सहा टक्के लांब केल्यासारखं झालं. इंजिनाचा जोर तोच, पण जमिनीपर्यंत पोचतो तो कमी. त्यात रुंद, जाड नक्षीचा टायर स्वतः जड असतो आणि डांबरावर जास्त अडतो. सिग्नलवरून, टोलनाक्यावरून गाडी उचलताना हे वजन दर वेळी नव्याने फिरवावं लागतं. तोरणमाळच्या घाटात गाडी दम टाकत होती, त्यात या टायरांचाही हात आहे. त्याकडे पुढे येतो.

तुम्ही टायर टाकलेत चिखलासाठी, हे मला कळतं. पण आपल्या काळ्या मातीचा अनुभव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आहे, तोच इथे लावून पाहा. पहिल्या पावसानंतर शेतरस्त्यावर वरचा चार-पाच बोटांचा थर लोण्यासारखा होतो, खाली जमीन अजून कडक असते. अशा वेळी अरुंद टायर तो थर कापत खालच्या कडक जमिनीला पोचतो. रुंद टायर वरच तरंगतो. दोन-चार फेऱ्यांत नक्षीच्या खाचा काळ्या मातीने गच्च भरतात, टायर गुळगुळीत होऊन जातो, आणि माती चाकाच्या खोबणीत साचून मडगार्डला घासायला लागते. मग उतरून विळ्याने खरडत बसायचं. झड लागून आठ-दहा दिवस पाऊस राहिला आणि पाणी निचरून रान वाफशावर आलं नसेल, तर कुठलाच टायर उपयोगाचा नाही, तेव्हा ट्रॅक्टरच. तापीच्या पात्रातल्या रेतीत रुंद टायरचा खरा फायदा होतो. तुम्ही रोज रेतीत जात नाही. माझं मत विचाराल तर हे टायर झिजेपर्यंत वापरण्यापेक्षा आत्ताच चांगल्या किमतीला विकून कंपनीच्या मापाचे, थोडी उघडी नक्षी असलेले टायर घ्या.

कंपनीच्या १६.९४ वरून भांडायला जाऊ नका. तो आकडा खोटा नाही, पण तो आपल्या रस्त्यावरचा नाही. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चालवतात, एसी बंद, ठरलेल्या तापमानात, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे कमी-जास्त वेगाने. त्या चाचणीत सगळ्यात जास्त वेग ताशी ९० चा, आणि तोही थोडाच वेळ. एका गाडीची दुसऱ्या गाडीशी तुलना करायला हा आकडा चांगला. भुसावळ-जळगावच्या उन्हात एसी लावून ११० ने जाणाऱ्याने तो आकडा आपल्याला लागू आहे असं धरू नये. तुमच्या वापराला या गाडीकडून मी तेरा-चौदा अपेक्षित धरेन. म्हणजे शोधायचे आहेत ते दोन-तीन किलोमीटर, सात नाहीत.

यातले सगळ्यात जास्त हायवेला सापडतील. जिम्नीचा आकार पेटीसारखा आहे. उभी काच, चौकोनी तोंड, उंच छप्पर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून ११० ला गेलात की तो जवळजवळ दुप्पट होतो. नेमका सांगायचा तर १.९ पट. शिवाय गाडीला पाचच गिअर, त्यामुळे कंपनीच्या टायरवर शंभरच्या वेगाला इंजिन मिनिटाला तीन हजारांच्या वर फेऱ्या घेत असतं. त्यावर तुम्ही कॅरिअर ठेवलंय. रिकामं कॅरिअर म्हणजे काही नाही असं वाटतं, पण त्याच्या प्रत्येक दांडीवर हवा आपटत असते, काच खाली केली की शिट्टीसारखा आवाज येतो तो त्याचाच. केळीचा घड तुम्ही जिम्नीच्या टपावर नेत नाही, सामान वर्षातून दोनदा प्रवासाला लागतं. चार बोल्ट काढा आणि कॅरिअर खळ्यात ठेवा. जळगाव-धुळे रस्ता चौपदरी झाल्यापासून सगळ्यांनाच पाय दाबायची सवय लागली आहे. पुढच्या फेरीला एकदा ८५ धरून जा. धुळ्याला पोचायला साधारण पंधरा मिनिटं जास्त लागतील. ॲव्हरेजमधला फरक तुम्हाला परतीच्या टाकीतच दिसेल.

बंपरचं थोडक्यात. मोकळी गाडी साधारण १२०० किलोची. तिला पुढे पन्नास-साठ किलो लोखंड लावलं की पुढचे स्प्रिंग दबतात, हेडलाइटचा झोत बदलतो, ब्रेकला जास्त जोर लागतो. रानडुकरं आडवी येतात म्हणून लावला असेल तर एक समजून घ्या : मूळ बंपर धडकेत चेपून जोर खाऊन टाकतो, हा सरळ चॅसिसला देतो. एअरबॅगची गणितंसुद्धा मूळ बंपरवर बेतलेली असतात. पेट्रोलचा प्रश्न बाजूला ठेवला तरी मी तो काढायला सांगेन.

रोजचे सहा किलोमीटर ही आणखी एक गळती, आणि यावर फारसा इलाज नाही. थंड इंजिनाला सुरुवातीला जास्त पेट्रोल लागतं. ते पुरतं गरम होईपर्यंत शेत येतं. डिसेंबर-जानेवारीत खानदेशात पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा हा फरक जास्त जाणवतो, वैशाखात कमी. सुरू करून पाच मिनिटं उभी ठेवून गरम करायची जुन्या जीपची सवय मात्र सोडा. चालू करायची, सीटबेल्ट लावायचा आणि हळू निघायचं, चालताना ती लवकर गरम होते. तसंच शेतावर पोचल्यावर मजुरांशी बोलताना एसी लावून गाडी चालू ठेवण्याचं. दीड लिटरचं इंजिन एसीसह उभ्या-उभ्या तासाला एक लिटरच्या आसपास खातं आणि किलोमीटर शून्य. दिवसातून वीस मिनिटं असं झालं तर महिन्याला दहा लिटर गेले. मे महिन्यात ४५ अंशांत एसी बंद करा असं सांगण्याइतका मी निर्दय नाही. गाडी आंब्याखाली लावा, निघताना पहिली दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून आतली गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा.

टायरची हवा सकाळी, चाकं थंड असताना तपासा आणि दाराच्या आतल्या स्टिकरवर आहे तेवढीच ठेवा. चिखलासाठी उतरवलेली हवा परत न भरता गाडी डांबरावर आणली जाते, हे तुमच्याकडेही होत असणार. पंचेचाळीस अंशांच्या रस्त्यावर कमी हवेचा टायर तापून फुटतो, तिथे ॲव्हरेजचा विषयच राहत नाही. बारा व्होल्टचा छोटा पंप गाडीत ठेवा.

आता तोरणमाळ. तुमच्या पत्रातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच, कारण डिझेलवर हात बसलेल्या प्रत्येकाला पेट्रोल गाडीत हा अनुभव येतो.

तुमच्या जुन्या जीपचं डिझेल इंजिन मिनिटाला पंधराशे-दोन हजार फेऱ्यांतच आपला पूर्ण जोर द्यायचं. त्यामुळे चढावर वरच्या गिअरमध्ये, कमी आवाजात, गुरगुरत चढायची सवय लागते. जिम्नीचं पेट्रोल इंजिन टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा, नसलेलं आहे. त्याचा सगळ्यात जास्त जोर, १३४ न्यूटन मीटर, मिळतो ४००० फेऱ्यांना. चौथ्यात, अठराशे फेऱ्यांवर, चार माणसं घेऊन तुम्ही पाय पूर्ण दाबलात तर त्याच्याकडे द्यायला काही नसतं. उलट इंजिन कंट्रोल युनिट अशा वेळी जास्त पेट्रोल सोडतं. हवा तापलेली असेल तर इंजिन ठोकू नये म्हणून ठिणगीची वेळही मागे घेतं. म्हणजे जोर आणखी कमी, पेट्रोल आणखी जास्त. तिसरा टाका, गरज पडली तर दुसरा, फेऱ्या तीन ते साडेतीन हजारांत ठेवा आणि पाय अर्धाच दाबा. आवाज वाढेल. आप्पा मागून ओरडतील की इंजिन फाटेल. फाटत नाही, ते त्यासाठीच बनवलेलं आहे. सपाट रस्त्यावर मात्र उलटं करायचं : लवकर वरचा गिअर आणि हलका पाय. कमी फेऱ्या म्हणजे कमी पेट्रोल ही तुमची समजूत चुकीची नाही, ती फक्त चढाला लागू नाही.

त्यात त्या दिवशी सगळंच तुमच्या विरुद्ध होतं. ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण सहा टक्के विरळ असते. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास, तिथे हवा आणखी विरळ. टर्बो नसलेलं इंजिन जेवढी हवा ओढू शकतं तेवढंच पेट्रोल जाळू शकतं, त्यामुळे वर पोचेपर्यंत त्याचा दहा टक्क्यांच्या आसपास जोर गेलेला असतो. वरून मोठ्या टायरचे सहा टक्के. तुमच्या जीपला टर्बो असेल, तर तिला ही विरळ हवा फारशी जाणवली नसेल.

पेट्रोलचाही हिशेब सांगतो, मजेशीर आहे. शहाद्याकडून निघून माथ्यावर पोचेपर्यंत गाडी साधारण एक हजार मीटर उंच जाते. माणसं, सामान, बंपर धरून साडेसोळाशे किलो वजन हजार मीटर उचलायला १६ मेगाज्यूल लागतात. पेट्रोल इंजिन इंधनातली पाव ऊर्जा चाकांपर्यंत पोचवतं असं धरलं, तर नुसती उंची गाठायला दोन लिटरच्या आसपास गेलं. रस्ता कापायला लागतं ते वेगळं. म्हणून घाट चढून गेल्यावर ॲव्हरेज बघून घाबरायचं कारण नाही.

त्यातलं थोडं उतारावर परत मिळतं, पण एका अटीवर. गाडी गिअरमध्ये हवी. गिअरमध्ये असताना पाय पूर्ण काढला की इंजेक्टर बंद होतात. चाकंच इंजिनाला फिरवत असतात आणि पेट्रोल जातं शून्य. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल सुरू होतं, वर सगळा भार ब्रेकवर. कन्नडच्या घाटात, तोरणमाळच्या वळणांवर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे आपल्याकडे कमी नाहीत. तापलेल्या ब्रेकचा वास आला की समजायचं पुढची गाडी त्यांची आहे. तुम्ही तसं करत असाल तर बंद करा. तिसऱ्याने चढलात तर तिसऱ्यानेच उतरा.

शेतात लो-रेंज, म्हणजे फोर-एल, वापरायला कचरू नका. गाडी पूर्ण थांबवून टाकायचं, पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये चालत्या माणसाच्या वेगाने जायचं. फेऱ्या वाढतात म्हणून लोक फोर-एल टाळतात, हाय-रेंजमध्ये क्लच अर्धा दाबून रेस करतात आणि चाक जागेवर गरगरवतात. गरगरणारं चाक पेट्रोलही जाळतं, क्लचही जाळतं आणि खड्डाही खोल करतं. शेतातलं पेट्रोल किलोमीटरवर मोजूच नका. ट्रॅक्टरचं डिझेल आपण तासावर मोजतो, तसंच हे.

एअर फिल्टरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आपल्याकडच्या धुळीत विचारायला हवं होतं. १९८५ साली आलेल्या जिप्सीच्या कार्ब्युरेटर इंजिनात फिल्टर तुंबला की हवा कमी, पेट्रोल तेवढंच, मग धूर आणि खर्च. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत आत येणाऱ्या हवेप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त केलं जातं. त्यामुळे तुंबलेल्या फिल्टरने ॲव्हरेज फारसं पडत नाही, पिकअप पडतो. तुमच्या घाटातल्या तक्रारीत याचाही वाटा असू शकतो. कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यातच उघडून बघा आणि खराब असेल तर बदला. कंप्रेसरच्या हवेने फुंकून परत लावू नका, कागदाला बारीक भोकं पडली की धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते.

इथेनॉलमुळे फरक पडतो, नाही असं नाही. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिसळलं की लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी झाली. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या, या मिश्रणासाठी न बनवलेल्या चारचाकींसाठी असाच आकडा आहे. तुमची गाडी २०२४ ची, या इंधनासाठी तयार केलेली, त्यामुळे तोटा त्याहून कमी धरा. चौदाचे साडेतेरा होतील. चौदाचे दहा होणार नाहीत. आणि त्या इथेनॉलमधला काही मक्यापासून बनतो. तुमच्याच शिवारातला मका पुढे टाकीत येत असेल, तर आप्पांचा राग थोडा निवळेल. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घेऊन हा फरक भरून निघत नाही. पुस्तिकेत लिहिलं आहे तेवढ्या ऑक्टेनचं साधं पेट्रोल पुरे. पहाटे पेट्रोल थंड म्हणून जास्त मिळतं हेही विसरा, पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही.

चिपला माझा साफ नकार. टर्बोच्या इंजिनात दाब वाढवून जोर काढता येतो. तुमच्या इंजिनात टर्बो नाही, म्हणजे वाढवायला दाबच नाही. मिळेल ते थोडकं, जाईल ती वॉरंटी. पेट्रोलच्या नळीला लावायचे चुंबक आणि टाकीत टाकायच्या गोळ्या कुणी दाखवल्या तर चहा पाजून परत पाठवा.

सीएनजीचा मेहुण्याचा हिशेब शहरातल्या गाडीला बरोबर आहे. तुमच्या गाडीत सिलिंडर ठेवला की मागची डिकी गेली, साठ-सत्तर किलो वजन वाढलं, आणि आधीच घाटात कमी पडणारा जोर आणखी घटला. खताची एक गोणी ठेवायलाही जागा उरणार नाही. नको.

डिझेलचा प्रश्न आकड्यांनीच सोडवू. वर्षाला दहा हजार किलोमीटर. आज दहाच्या ॲव्हरेजने हजार लिटर जातं. १०५ रुपये धरले तर एक लाख पाच हजार. वर सांगितलेलं सगळं केलंत आणि तेरा मिळालं, तर ७७० लिटर, ८१ हजारांच्या आत. मोठ्या डिझेल फोर बाय फोरने साडेबारा दिलं असं धरा, डिझेल ९२ रुपये, तर होतात साधारण साडेत्र्याहत्तर हजार. वर्षाला फरक सात-साडेसात हजारांचा. त्यासाठी चालू गाडी तोट्यात विकून काही लाख वर घालायचे? ते पैसे वसूल होईपर्यंत केळीच्या किती बागा लावून काढून होतील ते तुम्हीच मोजा. शिवाय आजच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी बराच वेळ गरम होऊन एका लयीत चालावी लागते. रोज सहा किलोमीटर जाऊन थांबणाऱ्याकडे ती तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. वर्षाला पंचवीस-तीस हजार किलोमीटर, तेही लांब पल्ल्याचे असते तर मी स्वतः तुम्हाला डिझेल सुचवलं असतं. आप्पांना हे आकडे कागदावर लिहून दाखवा, त्यांना तोंडी हिशेब पटणार नाही असं पत्रावरून वाटतं.

आधी लिव्हर टू-एचला, कॅरिअर खाली, हवा बरोबर, हायवेला ८५. टायर आणि बंपर तुमच्या सवडीने. मग एकाच पंपावर, नोझल पहिल्यांदा बंद पडेल तिथपर्यंत टाकी भरा, मीटर लिहून ठेवा, आणि अशा लागोपाठ तीन टाक्या मोजा. जाड टायर असेपर्यंत किलोमीटरला १.०६ ने गुणायला विसरू नका. डॅशबोर्डवरच्या ॲव्हरेजवर जाऊ नका.

तीन टाक्यांनंतरही आकडा बाराच्या खाली राहिला तर इंजिन उघडायच्या आधी ब्रेक बघा. गाडी सपाट जागी लावून चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा, न्यूट्रल करा आणि मागचं एकेक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. तुमच्याकडची काळी माती मागच्या ड्रममध्ये शिरून वाळली की शू सुटत नाहीत, चाक ब्रेक दाबूनच फिरत राहतं आणि हायवेवरून आल्यावर तेवढीच रिम हाताला चटका देते. तसं सापडलं तर ड्रम काढून ब्रशने साफ करून घ्या, आणि पावसाळाभर शेतातून आल्यावर मोटरच्या पाण्याचा पाइप चाकांच्या आतल्या बाजूनेही मारत जा.